बदललेला चौक आणि पादचाऱ्याचे सेकंद

रस्ता एकेरी होतो, पूल पाडला जातो, मेट्रोचे पत्रे लागतात, उजवं वळण बंद करून यू-टर्न पुढे नेला जातो. मग सगळीकडे एकच चर्चा: कोंडी कमी झाली का? चालणाऱ्याच्या वाट्याला किती सेकंद उरले, हे क्वचितच विचारलं जातं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. चौकातल्या बदलाची पहिली परीक्षा खरं तर इथेच व्हायला हवी, आणि ती घड्याळ व मोजपट्टी घेऊन करता येते.

पुण्यात असे बदल नवे नाहीत. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही एकेरी रस्त्यांची जोडी जुनी आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला, तेव्हापासून गणेशखिंड रस्त्यावरची वळणं आणि बॅरिकेड पुन्हा पुन्हा सरकत आले आहेत. दर बदलानंतर वाहनांसाठी नवा आराखडा निघतो. पादचारी मात्र जुन्याच अंदाजाने पाऊल टाकतो.

आधी साधा हिशेब पाहू. सहा पदरी रस्ता म्हणजे साडेतीन मीटरचे सहा पदर, २१ मीटर. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सिग्नल ठरवताना धरतात. म्हणजे ओलांडायला साडेसतरा सेकंद. दिवा हिरवा झाल्यावर गर्दीतून पाय उचलायलाच पाच-सात सेकंद जातात. झाले २४. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.९ मीटर चालते असं धरलं, तर तिला ३० सेकंद हवेत. अशा रस्त्यावर टायमर १५ वरून उलटा मोजू लागला, तर धडधाकट माणूससुद्धा शेवटच्या पदरात पळत असतो. हिरवा माणूस लुकलुकायला लागला की नव्याने उतरायचं नाही, उतरलेल्याने पूर्ण करायचं, एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थही अनेकांपर्यंत पोचलेला नाही.

सेकंद दिले, पण फार उशिरा दिले, तरी उपयोग नाही. बदलानंतर वाहनांची रांग संपवण्यासाठी सिग्नलचा एक फेरा ९० सेकंदांवरून १८० वर नेला जातो. पादचाऱ्याचे २४ सेकंद तेवढेच राहतात. ९० च्या फेऱ्यात त्याला सरासरी २४ सेकंद थांबावं लागतं, १८० च्या फेऱ्यात सुमारे ६८. थांबणं ३० सेकंदांच्या पुढे गेलं की माणसं फट शोधू लागतात, हे वाहतूक अभियांत्रिकीत जुनं माहीत आहे. ‘लोकांना शिस्त नाही’ असं म्हणण्याआधी फेरा किती लांब आहे ते बघावं. बरीचशी बेशिस्त त्या फेऱ्यातूनच जन्मते.

खरी मेख वळणाऱ्या गाडीत आहे. चार बाजूंच्या दुहेरी चौकात प्रत्येक बाजूचे झेब्रा पट्टे सहा प्रकारची वाहतूक कापते: त्या रस्त्यात शिरणारी तीन दिशांची आणि त्यातून निघणारी तीन दिशांची. एकूण २४ जागी माणूस आणि वाहन एकमेकांसमोर येतात. सरळ जाणाऱ्यांना लाल दिवा रोखतो. डावीकडे वळणारा बहुतेक वेळा थांबतच नाही, मग तिथे फ्री लेफ्टचा फलक असो वा नसो. त्यातून वळणाचा कोपरा ऐसपैस गोल केलेला असेल तर तो वेगही कमी करत नाही. कोपऱ्याची त्रिज्या ६ मीटर असेल तर गाडी आरामात ताशी १५ किलोमीटरने वळते, २४ मीटर असेल तर ३० ने. शिवाय गोल कोपऱ्यामुळे झेब्रा लांबतो आणि चालायचं अंतर वाढतं. वाहनांना सोपं वळण मिळावं म्हणून फूटपाथचा कोपरा छाटणं हा बदल म्हणूनच सर्वांत महाग पडतो.

उजवीकडे वळणाऱ्याची अडचण वेगळी. पुढच्या काचेच्या कडेला छप्पर पेलणारा जो खांब असतो, तो १० सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यापासून पाऊण मीटरवर असेल, तर साडेसात मीटरवरची एक मीटर जागा त्या डोळ्याला झाकते. माणूस सहज मावेल एवढी. आणि गाडी वळत असताना पादचारीही चालत असतो, त्यामुळे तो काही क्षण त्या खांबाआडच राहू शकतो. चालकाने मान पुढे-मागे हलवून बघणं, हा यावरचा अगदी साधा इलाज. चौकापुरता इलाज म्हणजे वाहनांना हिरवा दिवा देण्याआधी पादचाऱ्याला तीन ते सात सेकंद आधी सोडणं. गाडी वळेपर्यंत तो पट्ट्यांच्या मधोमध, नजरेसमोर आलेला असतो. याला खोदकाम लागत नाही, सिग्नलच्या पेटीतली वेळ तेवढी बदलायची.

एका बाजूचा दिवा लाल झाल्यावर दुसरीचा हिरवा होण्याआधी सगळ्या बाजू काही सेकंद लाल ठेवतात. हा काळ बदलानंतर पुन्हा काढायचा राहून जातो. पूल गेला, चौक रुंदावला, थांबरेषा मागे सरकली आणि आता अलीकडून पलीकडे ४० मीटर आहेत असं समजा. पिवळा संपता संपता ताशी ३६ किलोमीटरने शिरलेल्या गाडीला बाहेर पडायला चार सेकंद लागतात. सगळं लाल दोनच सेकंद असेल, तर ती गाडी पलीकडच्या झेब्र्यावर पोचते तेव्हा पादचाऱ्याचा हिरवा दिवा लागून दोन सेकंद झालेले असतात.

एकेरी रस्त्यात गाड्या एकाच दिशेने येतात, म्हणून ओलांडणं सोपं वाटतं. पण समोरून कुणी येत नसल्याने वेग वाढतो. वेगाचं गणित कठोर आहे. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरू. ताशी ३० ची गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण साडेसतरा मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ची गाडी त्या दीड सेकंदातच २१ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो.

सवय हा दुसरा धोका. आधी उजवीकडे बघायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. एकेरी रस्त्याच्या एका कडेला ते बरोबर ठरतं, दुसऱ्या कडेला सगळी वाहतूक डावीकडून येते. आणि उजवीकडून राँग साइडने आलेला दुचाकीवाला असतोच! लंडनमध्ये पादचाऱ्याच्या पायाशी, रस्त्यावरच, कोणत्या बाजूला बघायचं ते रंगवलेलं असतं. आपल्याकडे ‘उजवीकडे बघा’, ‘डावीकडे बघा’ एवढे शब्द ठळक पांढऱ्या रंगात लिहिणं अजिबात अवघड नाही.

मेट्रोच्या कामाचे पत्रे माणसाच्या उंचीहून मोठे. झेब्र्याजवळच्या टोकाला शेवटचे काही मीटर तरी पत्र्याऐवजी जाळी हवी, नाहीतर पत्र्याआडून निघणारं मूल चालकाला दिसतं ते चाकापुढेच. पादचारी पूल हे उत्तर क्वचितच ठरतं: साडेसहा मीटर चढायचं म्हणजे १५ सेंटिमीटरच्या त्रेचाळीस पायऱ्या, आणि तेवढ्याच उतरायच्या. त्यापेक्षा रुंद दुभाजकात दोन मीटर रुंदीची, जमिनीला समतल थांबण्याची जागा बरी. तिथे ढकलगाडी, व्हीलचेअर, भाजीची पिशवी सगळं मावतं. फूटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. ती गुडघ्याला आली की म्हातारी माणसं खालूनच चालतात.

बदल सुरक्षित झाला की नाही, हे कळायला अपघातांची वाट बघायची गरज नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीत अपघातांऐवजी थोडक्यात टळलेले प्रसंग मोजतात. त्यासाठी वापरलं जाणारं एक माप सोपं आहे: पादचारी एक जागा सोडतो आणि त्याच जागी वाहन पोचतं, यांत किती वेळ गेला. दीड सेकंदाहून कमी असेल तर प्रसंग गंभीर. संध्याकाळच्या गर्दीत तासभर मोबाइलवर चित्रण करून ही नोंद घरी बसून काढता येते. पहिल्या आठवड्यात वॉर्डन उभे असतात तेव्हा आकडे चांगलेच येतात. वॉर्डन गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पुन्हा मोजावं. वाहतूक शाखेला किंवा महापालिकेला अर्ज देताना ‘चौक धोकादायक आहे’ असं न लिहिता चौकाची कोणती बाजू, रस्त्याची रुंदी, हिरव्याचे सेकंद, फेऱ्याची लांबी, मोजणीची तारीख-वेळ आणि दीड सेकंदाच्या आतले प्रसंग किती, एवढं एका पानावर लिहावं.