मोटर कोणती? जुन्या कॅमेऱ्याखालच्या वाइंडरची पार्श्वभूमी

खान्देशात ‘मोटर वाइंडर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो केळीच्या बागेतल्या मोटरीत नवी तार भरणारा मिस्त्री. ‘काय भो, मोटर जळनी का?’ हा प्रश्न विहिरीवरच्या पंपाबद्दलच असतो. इथे विषय आहे रोलच्या कॅमेऱ्याच्या बुडाशी स्क्रूने बसणाऱ्या, पेन्सिल सेलवर दर फोटोनंतर फिल्मचा रोल पुढे ओढणाऱ्या यंत्राचा. रोलच्या नादाला लागलेली तरुण मुलं सध्या घरातले जुने कॅमेरे बाहेर काढताहेत, आणि कुठूनतरी मिळालेलं हे धूड आपल्या कॅमेऱ्याला बसेल का, असं विचारताहेत.

रोल आपोआप सरकवण्याची कल्पना जुनीच. १९३४ चा ‘रोबोट’ नावाचा जर्मन कॅमेरा चावीच्या स्प्रिंगवर चाले. १९५९ च्या निकॉन एफला विजेवरची एफ-३६ मोटर बसायची, पण त्यासाठी कॅमेऱ्याची बुडाची पट्टी बदलून मोटर त्याच कॅमेऱ्याशी कारागिराकडून जुळवून घ्यावी लागे. १९७१ च्या एफ२ ने ही कटकट संपवली. १९७६ च्या कॅनन एई-१ चं शटर विजेवर सुटायचं, त्यामुळे वाइंडरला दांडे-तरफांची गरज उरली नाही. रोल ओढायला एक खाच आणि वीज जोडणाऱ्या दोन-चार टिकल्या पुरल्या. चार पेन्सिल सेल, सेकंदाला दोन फोटो. हौशी माणसाच्या हातात मोटर आली ती तेव्हा.

गोंधळही तिथूनच. कंपन्यांनी दोन शब्द वापरले: वाइंडर आणि मोटर ड्राइव्ह. वाइंडर हलका आणि स्वस्त, साधारण सेकंदाला दोन फोटोंचा. मोटर ड्राइव्ह जड, महाग आणि जास्त वेगाचा. आपल्याकडे दोन्ही ‘मोटर’च. बोलण्यापुरतं ते चालतं, खरेदीला चालत नाही. कॅननची ‘मोटर ड्राइव्ह एमए’ ही ए-१ ला आणि एई-१ प्रोग्रामला चालते, साध्या एई-१ ला नाही. त्याला पॉवर वाइंडरच हवा. निकॉनची एमडी-१२ मात्र एफएमपासून एफएम२ पर्यंत बिनतक्रार बसते. ऑलिम्पस ओएम-१ चे सुरुवातीचे कॅमेरे आतून बदल केल्याशिवाय मोटर घेत नाहीत. नंतरच्यांवर ‘एमडी’ अशी खूण असते. म्हणजे नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर वाचा. विकणाऱ्यालाही हा फरक माहीत असतोच असं नाही.

ऐंशीच्या दशकात परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध होते. माल यायचा आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, नाहीतर भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबईच्या बोरा बाजारातून. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या गळ्यात याशिका एफएक्स-३, पेंटॅक्स के१०००, क्वचित झेनिट. या तिन्हींना वाइंडर बसतच नाही! त्यामुळे ज्याच्या कॅमेऱ्याखाली मोटर, त्याचा मांडवात वेगळाच रुबाब.

मोटर कामाची होती का, यावर तेव्हाही वाद होता. विरोधकांचा हिशेब सरळ: सेकंदाला दोनच्या वेगाने ३६ फोटोंचा रोल १८ सेकंदांत खलास, आणि पैसे नवरदेवाचा बाप देणार नाही. त्यात फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागणारच, तोवर मोटर काय करणार? हे खरं आहे. पण माझ्या मते त्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवलं. फायदा वेगाचा नव्हताच, डोळा न हलवण्याचा होता. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा अंगठा दर फोटोला रोल सरकवायचा लिव्हर ओढताना उजव्या डोळ्याशी येतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उधळत्या घोड्यामागे कॅमेरा फिरवताना, किंवा जळगावच्या रथाच्या चाकाखाली मोगरी (लाकडी पाचर) लावणाऱ्याचा क्षण टिपताना, लिव्हर ओढायला चौकट सोडली की हुकलंच.

नव्वदीत वाद आपोआप मिटला, कारण तोवर रोल ओढणारी मोटर नव्या कॅमेऱ्यांच्या पोटातच आली होती.

आता जुना वाइंडर बसवायचा असेल तर आधी कॅमेरा उलटा करा. ट्रायपॉडच्या भोकाशिवाय बुडाशी नाण्याने फिरणारं आणखी एखादं टोपण, त्याखाली खाच आणि जवळ पितळी टिकल्या दिसल्या तर आशा आहे. मात्र गोल टोपण बॅटरीचंही असतं. के१००० वर ते एकच आहे. मग वाइंडरचं सेलघर उघडा. विसरलेले सेल फुटून पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो. तो व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो. पट्टी गंजून झिजली असेल तर मात्र नवी मिळत नाही; पत्र्याची कापून झाळावी लागते, आणि ते काम त्या मोटर भरणाऱ्या मिस्त्रीकडेही होतं.