तीन महिन्यांच्या साखरेची पार्श्वभूमी

निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, खानापूर-जांबोटीकडचा बेळगावला येतो, आणि बेळगावातले कित्येकजण दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला पुन्हा मिरज-कोल्हापूरची वाट धरतात. कोगनोळीचा नाका ओलांडला की डॉक्टर बदलतो, लॅब बदलते. फाइलमधला ‘एचबीएवनसी’चा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच धरला जातो. कुंद्याच्या मिठाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बेळगावात तर लग्नाच्या पंगतीतही ‘तुमचं किती आलं?’ असं विचारतात. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळावेत ही अपेक्षा आज साधी वाटते, पण ती पुरी व्हायला बराच काळ जावा लागला.

या तपासणीमागचा शोध लागला तो भलतंच काही शोधताना. तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर हे संशोधक हिमोग्लोबिनचे, म्हणजे तांबड्या पेशींतल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाचे, वेगळे प्रकार विजेच्या प्रवाहाने वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून तपासत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक जास्तीचा पट्टा दिसला आणि १९६८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. हिमोग्लोबिनला साखर चिकटते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्या पेशीत साठून राहतो. १९७६ मध्ये अमेरिकेत कोएनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साखर ताब्यात आली की हा आकडाही उतरतो. त्या अभ्यासात रुग्ण होते फक्त पाच.

बायोमार्कर, म्हणजे आजाराची रक्तातली मोजता येणारी खूण, सापडला म्हणजे तपासणी तयार झाली, असा समज वर्तमानपत्री बातम्यांमुळे होतो. खरं किचकट काम त्यानंतरचं असतं. सुरुवातीच्या स्तंभ-पद्धतीत (नळीतल्या भरणातून रक्ताचा नमुना सोडून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याच्या पद्धतीत) खोलीचं तापमान बदललं तरी उत्तर बदलायचं. नुकतीच, सैलपणे चिकटलेली साखरही मोजली जायची, म्हणजे सकाळच्या चहाचाही परिणाम दिसायचा. शिवाय कुणी एचबीएवनसी मोजे, कुणी ए-वन गटातले सगळे प्रकार मिळून, कुणी सगळंच साखर लागलेलं हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांच्या हाती नुसता टक्का पडे.

१९९३ साली दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल लागले. टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांमध्ये आकडा नऊच्या आसपास ठेवण्याऐवजी सातच्या आसपास आणला, तर डोळे, मूत्रपिंड आणि नसांचं नुकसान बरंच टळतं, हे सिद्ध झालं. पण ते सगळे नमुने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासले होते. बाहेर काय चाललं होतं? त्याच वर्षीच्या एका पाहणीत एकाच रक्ताला वेगवेगळ्या लॅबनी चारपासून आठपर्यंत आकडे दिले. मग ‘सातच्या खाली ठेवा’ या सल्ल्याला अर्थ काय राहिला? माझ्या मते या तपासणीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

उत्तर म्हणून १९९६ मध्ये एनजीएसपी हा प्रमाणीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. यंत्र आणि किट बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले आकडे डीसीसीटीच्या पद्धतीशी जुळवून दाखवायचे, तरच प्रमाणपत्र. पुढे आयएफसीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमका कोणता रेणू मोजायचा हे ठरवून संदर्भ-पद्धत आणली. तिचे आकडे मूळ टक्क्यांपेक्षा दीड-दोनने कमी येऊ लागले, आणि तेच रिपोर्टवर छापले असते तर पेशंटनी पेढे वाटले असते! तडजोड म्हणून वेगळं एकक आलं: ६.५ टक्के म्हणजे ४८ मिलिमोल प्रति मोल. एवढं जुळल्यावरच २०१० मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ ही मधुमेहाच्या निदानाची रेषा मान्य केली. पहिल्या निरीक्षणापासून इथवर चाळीसहून अधिक वर्षं गेली.

कंपनीचं प्रमाणपत्र आलं म्हणून गावातल्या लॅबचं काम संपत नाही. नवं यंत्र बसवलं की तोच नमुना पुन्हापुन्हा चालवून फरक किती पडतो ते पाहायचं, जुन्या यंत्राशी ताडायचं, रोज सकाळी पेशंटच्या आधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावायचा. बाहेरून परीक्षा घेणाऱ्या योजनाही आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची योजना देशभरच्या लॅबना ठाऊक आहे. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता हवी तर वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या सगळ्याच्या नोंदी दाखवाव्या लागतात. आपल्या भागात आणखी एक टप्पा येतो तो प्रवासाचा. कलेक्शन सेंटरवर जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त पावसाळ्यात घाटातून बेळगावला पोचेपर्यंत थंड राहिलं का, हे रिपोर्टवर छापलेलं नसतं.

यंत्र अचूक असूनही आकडा फसवू शकतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खोटा वर चढतो. रक्तस्राव झाला, रक्त चढवलं किंवा पेशी लवकर फुटत असल्या तर तो खाली येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कर्नाटकातही जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये.  म्हणून एखाद्या बाईचा आकडा ६.६ आला आणि हिमोग्लोबिन नऊ असेल, तर जाणता डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाही. आधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर करून आणायला सांगतो, लोहाचा उपचार सुरू करतो आणि काही महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करायला लावतो, शक्यतो त्याच लॅबमध्ये.