आधी खेळाडू की आधी जागा? एनबीएतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

भारतात एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने पहिल्यांदा झाले ते वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. सीझनपूर्व सराव सामनेच ते, पण पहिला ओव्हरटाइममध्ये गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा जेमतेम काढला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे त्या संघाची इथे जरा जास्तच चर्चा असते. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये याच दोन संघांनी आपसात असा एक सौदा केला, की गुणवत्ता मोठी की जुळणी मोठी (म्हणजे सगळ्यात चांगला खेळाडू घ्यायचा, की संघातल्या रिकाम्या जागेत बसणारा) हा वाद निघाला की त्याचं उदाहरण हमखास येतं.

किंग्जकडे दोन तरुण गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे खेळाडू, होते, डीआरन फॉक्स आणि टायरीस हॅलिबर्टन. दोघांचाही खेळ चेंडू हातात असला की खुलणारा. पेसर्सची अडचण नेमकी उलटी: डोमांतास सबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोन उंच खेळाडू रिंगजवळ एकमेकांच्या पायात येत होते. किंग्जनी हॅलिबर्टन देऊन सबोनिस घेतला. पुढच्याच सीझनला ४८ सामने जिंकले आणि सलग १६ सीझन हुकल्यावर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठली. जुळणीवाले जिंकले म्हणायचे, तर २०२५मध्ये हॅलिबर्टननं पेसर्सना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. आणि ज्या फॉक्ससाठी जागा मोकळी केली, तो तोवर सॅन अँटोनियोला गेलाही होता.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याला हा वाद चटकन कळत नाही. तिथे फलंदाज पाळीपाळीनं खेळतात, एकानं शतक ठोकलं म्हणून दुसऱ्याची बॅट काही काढून घेतली जात नाही. बास्केटबॉलमध्ये पाच जण, चेंडू एक आणि शॉट मारायला २४ सेकंद. नागपाड्यात वाढलेल्यांना हे समजावावं लागत नाही. भारताचे माजी कर्णधार, १९७०चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथल्या कोर्टवर किंवा माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात तीन शूटर एका टीममध्ये आले, की रिबाउंडला (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) कोण जाणार यावरून पहिल्या पाच मिनिटांत भांडण ठरलेलं.

एनबीएत या भांडणाचं पहिलं मोठं प्रकरण १९६८चं. लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर हे तारे होतेच, त्यात विल्ट चेंबरलेन आला. कागदावर लीगच संपली होती. पण चेंबरलेन रिंगखाली ठाण मांडून बसायचा आणि बेलरला आत घुसायला जी वाट लागायची, ती त्यानंच अडायची. प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांचं तर त्याच्याशी उघड वाजलेलं. १९६९च्या अंतिम फेरीत समोर बिल रसेलचे म्हातारे होत चाललेले बोस्टन सेल्टिक्स, पूर्व विभागात चौथे आलेले. सातव्या सामन्यात चेंबरलेन गुडघा धरून बाहेर आला, मग परत यायला तयार झाला, पण कोल्फनी त्याला घेतलंच नाही. १०८-१०६नं सामना गेला. विजयासाठी छताला बांधून ठेवलेले फुगे तसेच वर राहिले.

यावरून ‘जुळणीच खरी’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही, आणि त्याला कारण ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायची पद्धत. १९८४मध्ये पोर्टलंडची निवड दुसऱ्या क्रमांकावर होती. क्लाइड ड्रेक्सलर आदल्या वर्षीच घेतलेला, म्हणजे गार्डच्या जागेचा खेळाडू होता. नव्हता तो सेंटर, रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू. म्हणून सॅम बोवी घेतला, कॉलेजात पायाच्या दुखण्यानं दोन सीझन गेलेले असूनही. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोनं मायकेल जॉर्डन उचलला. २०१८मध्ये किंग्जनी दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला आणि पुढे मोठा तारा झालेला लुका डॉनचिच सोडला. फॉक्स आधीच संघात आहे, हे तेव्हाचं एक कारण. पोरगं एकोणीस वर्षांचं असतं. ते तयार होईपर्यंत आजूबाजूचा निम्मा संघ बदललेला असतो. मग कोणाशी जुळवता?

तयार, तिशीतले खेळाडू आणताना मात्र हिशेब फिरतो. २००३मध्ये लेकर्सनी शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या जोडीला कार्ल मलोन आणि गॅरी पेटन आणले. २००४च्या अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सनी त्यांना ४-१ असं झोपवलं. त्या डेट्रॉइटमध्ये चॉन्सी बिलप्स अनेक संघांनी सोडलेला, तर बेन वॉलेसला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलंही नव्हतं. ग्रँट हिल सोडून जाताना त्या बदल्यात वॉलेस आलेला. (याच डेट्रॉइटनं २००३च्या ड्राफ्टमध्ये कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड सगळे सोडून डार्को मिलिचिच घेतला होता. तरी जिंकले. इतिहास असा नीट ओळीत उभा राहत नाही.)

जिच्या बाहेरून शॉट पडला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात, ती तीन गुणांची रेषा १९७९-८०मध्ये आली, पण तिचा खरा परिणाम दिसायला तीन दशकं गेली. आता बाहेरून ज्याचा शॉट पडत नाही, त्याला सोडून त्याचा बचावपटू सरळ रिंगसमोर जाऊन उभा राहतो, आणि आत घुसणाऱ्यासमोर एकाऐवजी दोघं येतात. २०२१मध्ये लेकर्सनी रसेल वेस्टब्रुक आणला तेव्हा लेब्रॉन जेम्सचं हेच झालं. बदल्यात २०२०च्या विजेतेपदातले काइल कुझ्मा आणि केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप गेले. सीझनमध्ये ३३ जिंकले, ४९ हरले. कॉल्डवेल-पोप पुढे २०२३मध्ये डेन्व्हरबरोबर पुन्हा चॅम्पियन झाला.

संघाच्या एकूण पगाराची मर्यादा १९८४-८५मध्ये आली, तेव्हा ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५मध्ये ती १४ कोटींच्या वर गेली. सवलती इतक्या, की श्रीमंत संघ दंडाचा कर भरून तारे जमवतच राहिले. लीग आणि खेळाडूंच्या २०२३च्या करारानं पगाराची दुसरी एक, आणखी वरची रेषा आखली, ‘सेकंड एप्रन’. ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, आणि बाहेरचा मधल्या पगाराचा खेळाडू घ्यायची सवलतही जाते. म्हणजे चुकलेली जुळणी दुरुस्त करायची हत्यारंच काढून घेतली. त्याच वर्षी बोस्टननं क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणि ज्रू हॉलिडे आणले, दोघंही संघात साखरेसारखे विरघळले, आणि २०२४मध्ये विजेतेपद आलं. २०२५च्या उन्हाळ्यात त्या रेषेखाली यायला बोस्टननं दोघांनाही देऊन टाकलं.