काचेतलं भूत आणि चमकीतला हिरा

संध्याकाळी लक्ष्मी रोडवर दिवे लागले होते. एका सराफाच्या शोकेससमोर माझी भाची जरा वाकून उभी राहिली आणि ओरडली, "मामा, साज माझ्या गळ्यात!" आतला कोल्हापुरी साज आणि तिचं काचेतलं प्रतिबिंब बरोब्बर एकावर एक आलं होतं. पाऊल सरकलं की साज गळ्यातून निसटायचा. पाच मिनिटं आम्ही तिथून हललो नाही.

याच युक्तीने २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये प्रेक्षकांची बोबडी वळली होती. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, रंगमंचावर ती आणली जॉन हेन्री पेपर यांनी. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मोठी काच तिरकी उभी करायची. तिच्यासमोर, खालच्या खड्ड्यात, पांढऱ्या कपड्यातला नट आणि त्याच्यावर झगझगीत दिवा. काचेपलीकडे मंद उजेडात बाकीचे नट. खड्ड्यातल्या नटाचं काचेतलं प्रतिबिंब त्यांच्यात भूत होऊन उभं राहतं. ४५ अंशांत पडलेल्या प्रकाशापैकी साधारण दहावा हिस्साच साधी काच परत पाठवते, म्हणून भूत अर्धपारदर्शक दिसतं. तलवार त्याच्या आरपार जाते, कारण तिथे कुणी नसतंच! दिवा मालवला की भूत गायब.

हिऱ्याचा खेळही परावर्तनाचाच, पण तिथे हिशेब दहाव्या हिश्श्याचा राहत नाही. शाळेत आपण पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो. दाट माध्यमातून विरळ माध्यमात निघालेला किरण एका ठरावीक कोनापेक्षा, म्हणजे क्रांतिक कोनापेक्षा, जास्त तिरका आला, तर तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा मागे फिरतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, १.५, तिचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून क्रांतिक कोन फक्त २४.४ अंश.

आता एक किरण घेऊन आत शिरू या. हिरे घडवणाऱ्या घराण्यातले अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्याच्या पैलूंचं गणित मांडलं. त्यात खालचे पैलू ४०.७५ अंशांनी उतरते आहेत. किरण सपाट माथ्यातून सरळ खाली आला की पहिल्या पैलूवर त्याचा आपाती कोन, म्हणजे पैलूच्या लंबाशी होणारा कोन, ४०.७५ अंश. २४.४ पेक्षा बराच जास्त, म्हणजे बाहेर जायची सोय नाही. तो जवळजवळ आडवा होऊन समोरच्या पैलूवर जातो. तिथे कोन ५७.७५ अंश, पुन्हा माघार. मग तो वर माथ्याशी येतो तो १७ अंशांनी, आणि १७ हे २४.४ च्या आत! इथे दार उघडतं. किरण बाहेर पडताना वाकतो, रंग थोडे सुटे होतात आणि आपल्या डोळ्यांपुढे लकाकी उमटते. नेमका हाच आकार साध्या काचेचा केला तर पहिल्याच पैलूवर ४०.७५ हे ४२ पेक्षा कमी भरतं आणि बहुतेक प्रकाश खालून गळून जातो. जेमतेम एका अंशाने हुकतं. हे गणित मी कितीदा मांडलं असेल, आनंद कमी होत नाही.

जुन्या कारागिरांकडे ही आकडेमोड नव्हती, हातांना मात्र ती उमगली होती. कुंदनकामातल्या चपट्या हिऱ्यांना प्रकाश परतवणारे उतार नसतात, म्हणून खड्याखाली चांदीचा पातळ वर्ख बसवून परतीचं काम त्याच्यावर सोपवलं जातं. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज स्ट्रास शिसंमिश्रित काचेचे खडे करत, तेही मागे वर्ख लावून.

हिरा घातल्याने शुक्राला बळ मिळतं, असं सांगून आजही खडे विकले जातात. मला याची चीड येते. हिऱ्याच्या आत जे घडतं ते कोनमापकाने मोजता येतं आणि त्यात ग्रहाला कुठेही जागा नाही. हवेतून अंगठी काढणाऱ्या बाबांचंही तेच. ती हातचलाखी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव करून दाखवतात आणि नंतर समजावूनही सांगतात.

आईची हिऱ्याची चमकी निस्तेज झाली होती. "दगड म्हातारा झाला बहुतेक," ती म्हणाली. चमकी उलटी करून पाहिली तर मागे तेलाचा आणि क्रीमचा थर. हिऱ्यामागे हवेऐवजी तेल आलं की क्रांतिक कोन २४ वरून ३७ च्या आसपास चढतो आणि एरवी मागे फिरणारे, या दोन कोनांमधले किरण मागून निसटतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले, जुन्या मऊ ब्रशने मागची बाजू हलकेच घासली, कोरडी पुसली. आईने चमकी खिडकीशी नेऊन वळवून पाहिली आणि तिथेच नाकात घातली.