चार पावलं: मणक्यातल्या कॅन्सरची शस्त्रक्रिया यशस्वी कधी म्हणायची?

मणक्यात पसरलेल्या कॅन्सरसाठी ऑपरेशन म्हणजे एके काळी लॅमिनेक्टॉमी. मणक्याची मागची कमान काढून मज्जारज्जूला जागा करून द्यायची. पण गाठ बहुतेक वेळा पुढे, मणक्याच्या मुख्य भागात. दाब तिथेच राहायचा आणि मागचा आधारही जायचा. १९८० मध्ये एका छोट्या चाचणीत नुसतं रेडिएशन आणि लॅमिनेक्टॉमीसह रेडिएशन यांत फरक दिसला नाही, आणि शस्त्रक्रिया मागे पडली.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीने ती परत आणली. १०१ रुग्ण. निम्म्यांना फक्त रेडिएशन, बाकीच्यांचा दाब आधी शस्त्रक्रियेने थेट काढला आणि मग रेडिएशन. उपचारानंतर चालू शकणारे ८४ टक्के, नुसत्या रेडिएशनच्या गटात ५७. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

पण ‘चालू शकणारे’ कुणाला म्हणायचं? व्याख्या अशी होती: प्रत्येक पायाने किमान दोन, म्हणजे एकूण चार पावलं. काठी किंवा वॉकर घेतला तरी चालेल. मोजायला सोपी, वाद होऊ न देणारी व्याख्या, हे मान्य. तरी घरात खाटेवरून उठून मोरीपर्यंत जायलाही चार पावलं बहुधा पुरत नाहीत. त्याआधी मज्जारज्जूला किती इजा झाली ते सांगणारी फ्रँकेल श्रेणी होती, १९६९ची, तीही अपघाती इजेसाठी बेतलेली. तिच्यात पायांची ताकद आणि संवेदना कळायच्या. रात्रभर छळणाऱ्या दुखण्याला जागा नव्हती.

माझ्या मते त्या चाचणीतला खरा आकडा टक्क्यांचा नाहीच, दिवसांचा आहे. चालण्याची क्षमता टिकली ती मध्यक (निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) १२२ दिवस, रेडिएशनच्या गटात १३. आयुष्याचा मध्यक १२६ विरुद्ध १००. म्हणजे मोठा फरक पडला तो जगण्याच्या लांबीपेक्षा पायांवर उभं राहून काढलेल्या दिवसांत. मात्र ४८ तासांहून जास्त काळ पाय पूर्ण लुळे पडलेले आणि लिम्फोमासारखे रेडिएशनला चटकन दाद देणारे कॅन्सर यात घेतलेच नव्हते. हे विसरून तेच आकडे सरसकट सगळ्यांना लावले जातात.

२०१० मध्ये मणक्याची अस्थिरता मोजणारी गुणपद्धत आली: ० ते १८, आणि १३ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे अस्थिर. पुढे नेमक्या जागी मोठा डोस देणारं रेडिएशन रुळलं, तशी शस्त्रक्रियाही आटोपशीर झाली. आता अनेकदा गाठ आणि मज्जारज्जू यांच्यात थोडी फट करायची, उरलेली गाठ रेडिएशनवर सोपवायची. आणि मणक्याच्या कॅन्सरसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली, तीही २०१० मध्येच. दुखणं, लघवी-शौचावरचा ताबा, मनाची अवस्था, माणसांतला वावर. उत्तरं रुग्णाने स्वतः द्यायची.