‘डॉप्लर’च्या मागचं जंगल

एर्लेंड लू या नॉर्वेजियन लेखकाची ‘डॉप्लर’ ही कादंबरी २००४ साली आली. वडील नुकतेच वारलेले, डोक्यात न्हाणीघराच्या फरश्यांचा घोळ, अशात आंद्रेयास डॉप्लर जंगलात सायकलवरून पडतो आणि पडल्यापडल्या डोक्यातला गलका थांबतो. पुढे तो घरदार, नोकरी सोडून ऑस्लोलगतच्या रानात तंबू ठोकतो. भुकेपोटी मूस हरणाच्या मादीला सुऱ्याने मारतो. तिचं पोरकं पाडस त्यालाच चिकटतं; त्याचं नाव तो बोंगो ठेवतो. दुधाशिवाय मात्र डॉप्लरचं भागत नाही, म्हणून मांसाच्या बदल्यात दुकानातून दूध मिळवतो. हसता हसता अंगावर काटा येतो तो इथे.

हा विनोद कळायला नॉर्वेची रानाशी असलेली जवळीक ठाऊक हवी. ऑस्लोत मेट्रोने जंगलाच्या काठापर्यंत पोचता येतं. १९५७च्या कायद्याने लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर कुणालाही फिरायचा हक्क दिला. राहत्या घरापासून १५० मीटर लांब तंबूही टाकता येतो. मालकाला न विचारता मुक्काम मात्र दोनच दिवस. उंच डोंगर आणि दूरचे निर्जन भाग तेवढे अपवाद. म्हणजे रानात जाणं तिथे सभ्य माणसाचं लक्षण आहे. डॉप्लर परतत नाही, हा त्याचा खरा गुन्हा.

साहित्यात ही वाट जुनीच. नॉर्वेचाच लेखक क्नुट हामसुन याच्या ‘पान’ कादंबरीचा (१८९४) नायक रानातल्या झोपडीत कुत्र्यासोबत राहतो. हामसुनच्याच १९१७च्या कादंबरीत इसाक ओसाड रानात शिरून शेत आणि संसार उभा करतो. तीन वर्षांनी हामसुनला नोबेल मिळालं. पुढे त्याने नाझींची बाजू घेतली, त्यामुळे हा वारसा निर्मळ नाही. तरी मला डॉप्लर हा इसाकचा उलटा वारसदार वाटतो: एकाने रानात जे उभारलं, तेच दुसरा टाकून येतो.

मधल्या काळात देश पालटला होता. १९६९मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा तेलसाठा सापडला. १९९६ साली तेलाच्या कमाईतली पहिली रक्कम राष्ट्रीय निधीत जमा झाली. त्याच वर्षी लूची ‘नाईव्ह. सुपर.’ आली. तिचा पंचवीस वर्षांचा नायक शिक्षण सोडून चेंडू फेकत, याद्या करत बसतो. त्याला खोली पुरली होती; डॉप्लरला शहरच नको झालं.

कादंबरीच्या शेवटीही लू त्याला घरी आणत नाही. मुलाला आणि बोंगोला घेऊन तो पुढे निघतो, आणि २००५च्या पुढच्या भागात स्वीडनमध्ये पोचतो.