टास्क आणि टार्गेटचा घोळ: कोडमधून बिल्ड चालवण्याची पार्श्वभूमी

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या ठोक दुकानाचा बिलिंग प्रोग्राम घ्या. जावातला. रात्री दुकान बंद करताना त्यानं दिवसभराच्या डेटाची झिप करायची आहे. त्यासाठी बॅच फाइल सोडायची, की बिल्ड टूलचं (कोडपासून प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनाचं) तयार काम कोडमधूनच बोलवायचं?

1976च्या मेक या बिल्ड टूलपाशी दुसरी वाट नव्हती. तिथल्या पायऱ्या म्हणजे शेलच्या कमांडी, त्यामुळे वेगळी प्रोसेस उभी करणं आलंच. 2000 साली अँट हे जावाचं बिल्ड टूल स्वतंत्रपणे बाहेर पडलं आणि चित्र पालटलं, कारण त्यातला प्रत्येक टास्क हा जावाचा क्लास आहे. अँटचे दोन जार (जावाच्या क्लासांची गाठोडी), अँट आणि अँट-लाँचर, क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथं क्लास शोधतं त्या यादीत, ठेवा. नवा प्रोजेक्ट करून इनिट करा, सेटप्रोजेक्टनं तो झिप टास्कला द्या, फोल्डर आणि झिपचं नाव सांगा, एक्झिक्यूट म्हणा. सेटप्रोजेक्ट विसरलात तर बरेच टास्क नल पॉइंटरवर आपटतात. संदेश ऐकणारा लिसनर जोडला नाही तर सगळे संदेश गुपचूप गिळले जातात. चूक बिल्डएक्सेप्शन होऊन येते, पण ती रनटाइम जातीची असल्यानं कंपायलर आठवण करून देत नाही. अँटचा मेन क्लास थेट बोलावू नका: तो शेवटी सिस्टिम एक्झिट करतो आणि बिलिंगच बंद पडतं.

खरी गुंतागुंत शब्दांची आहे. अँटमध्ये टास्क म्हणजे एक कृती, टार्गेट म्हणजे नाव दिलेला कृतींचा गट. आधी काय व्हायला हवं, हे टार्गेटला कळतं, टास्कला नाही. म्हणून एक्झिक्यूटटार्गेट आधीची कामं उरकून येतं. टास्कवरचं नुसतं एक्झिक्यूट तेवढंच काम करतं. रूबी भाषेच्या रेक या बिल्ड टूलमध्ये इन्व्होक (आधीच्या कामांसह) आणि एक्झिक्यूट (नुसतं तेवढंच) यांत हाच फरक आहे. ग्रेडल या बिल्ड टूलनं मात्र दोन्ही अर्थ 'टास्क' या एकाच शब्दात कोंबले. त्याच्या टास्कला अवलंबित्वं (आधी व्हायला हवीत ती कामं) असतात, पण स्क्रिप्टमधून टास्कवर एक्झिक्यूट म्हटलं की ती बाजूला राहत. ही सोय मुळात अंतर्गत होती, तरी लोक सर्रास वापरत, आणि अर्धवट बिल्ड होऊनही चूक दिसत नसे. 2018च्या 5.0 आवृत्तीत ती काढली. जुन्या स्क्रिप्टा मोडल्या, ओरड झाली. तरीही निर्णय योग्यच होता: चुपचाप चुकीची फाइल बनण्यापेक्षा उघड मोडलेलं बरं.

आता बाहेरच्या प्रोग्रामला ग्रेडल चालवता यावं म्हणून त्याचा टूलिंग एपीआय आहे. काम मागं चालणाऱ्या वेगळ्या डीमन प्रोसेसमध्ये होतं, म्हणून बिल्ड कोसळला तरी बिलिंग जागेवर राहतं. कनेक्शन मात्र आठवणीनं बंद करा. आणि हा एपीआय पहिल्यांदा ग्रेडलची अख्खी प्रत डाउनलोड करू पाहतो. दुकानात नेट नसेल तर तिथंच अडतो. यूझइन्स्टॉलेशननं मशीनवरच्या प्रतीचा पत्ता आधीच देऊन ठेवा.